लेकीला पायलट व्हायचंय, मराठवाड्यातून सुरुवात कुठून करावी?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला. शेती आहे आणि लातूरला कृषी सेवा केंद्र आहे. थोरली लेक बारावीला लातूरलाच शिकते. दहावीनंतर सगळ्यांचं बघून नीटची बॅच धरली, बायोलॉजी ठेवली आणि गणित सोडलं. दिवाळीपासून मात्र एकच धोशा लावलाय, मला पायलट व्हायचंय.

हट्ट वरवरचा वाटत नाही. गच्चीवर उभी राहून मोबाइलवर बघते आणि वरून जाणारं विमान कुठून कुठं चाललंय, किती फुटांवर आहे, कोणत्या जातीचं आहे ते सांगते. डॉक्टरकीबद्दल तिला असं बोलताना मी कधी बघितलं नाही. तिच्या आईनं तर ठरवूनच टाकलंय की लेकरू म्हणतंय ते करू द्यायचं.

पुण्यात एका सल्ला केंद्रात जाऊन आलो. ते म्हणायलेत 68 लाखांचं पॅकेज, परदेशात ट्रेनिंग, वर्षात लायसन्स, नोकरीची हमी. महिनाअखेरपर्यंत 3 लाख बुकिंग भरा, नाहीतर जागा जाईल. घरात एवढे पैसे नाहीत. रस्त्याकडेची दोन एकर घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे. भाऊ म्हणतो विकू नको, बँकेत तारण ठेव.

आमच्या सात पिढ्यांत कुणी विमानात बसलेलं नाही, त्यामुळं विचारायला घरचं माणूस नाही. गणित सोडलेलं असताना हे जमतं का? देशात करावं की बाहेर? आणि जमीन विकावी का? जाणकारांनी मोकळेपणानं सांगा.

निळाई

दादा, आधी एक विनंती. ते 3 लाख भरू नका. महिनाअखेरची मुदत त्या केंद्राने घातलेली आहे, या क्षेत्राची तशी काही मुदत नसते. पुढच्या वर्षीही शाळा असतील आणि विमानंही असतील.

मी मूळची परभणीची, मराठी माध्यमातली. सध्या एअरबस ए320 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. तुमच्या लेकीचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

भारतात विमान उडवून पगार घ्यायचा तर कमर्शियल पायलट लायसन्स लागतं. ते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. वय किमान 18, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, क्लास 1 मेडिकल, लेखी पेपर आणि 200 तासांचं उड्डाण. यातली कुठलीच गोष्ट पैशानं टाळता येत नाही. महत्त्वाचं म्हणजे यातल्या पहिल्या तीन-चार गोष्टी लातूरला घरी राहून, फार खर्च न करता होतात. लोक उलटं करतात. आधी 20-25 लाख भरतात आणि मग मेडिकलला जातात. तिथं रंगांधळेपणा किंवा हृदयाचं काही निघालं की सगळं जागच्या जागी थांबतं.

म्हणून पहिला टप्पा मेडिकलचा. आधी क्लास 2, तो डीजीसीएच्या यादीतले डॉक्टर करतात. त्यानंतर क्लास 1. विद्यार्थी म्हणून उडायला क्लास 2 पुरतो, पण लायसन्सला क्लास 1 लागतोच. तेव्हा फीचा पहिला रुपया देण्याआधी क्लास 1 हातात पाहिजे. चष्मा असला तरी चालतो, चष्मा लावून नजर ठरलेल्या मापात आली की झालं.

दुसरं गणित. त्याबद्दल इथले मास्तर जास्त चांगलं सांगतील, पण मार्ग आहे, घाबरू नका.

तिसरं, बारावी झाली की डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर काढायचा. त्यासाठी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांची बोर्डाकडून पडताळणी लागते आणि त्यात वेळ जातो. हा नंबर मिळाला की पेपर देता येतात: एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर उडणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात 70 टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना, म्हणजे आरटीआर. निदान रेग्युलेशन्स, हवामान आणि नॅव्हिगेशन हे तीन पेपर विमानाला हात लावण्याआधी काढावेत, असं माझं ठाम मत आहे. लेकीला खरंच हे आवडतं का, तेही तिथंच कळतं. सहा महिने ढगांचे प्रकार आणि वाऱ्याचे त्रिकोण करूनही जिचा उत्साह टिकतो, तिच्यावर पैसे लावायला हरकत नाही.

मग 200 तास. त्यात निम्मे, म्हणजे 100 तास, विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडायचं असतं. रात्रीची उड्डाणं, लांब पल्ल्याची क्रॉस-कंट्री, बाहेरचं काही न बघता फक्त उपकरणांवर उडणं, दोन इंजिनांचं विमान, सगळं यात येतं. शाळेत जाल तेव्हा "किती महिन्यांत होईल" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. हँगरमध्ये उभं राहून मोजा. आज उडण्यासारखी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती. सकाळी सहाला फ्लाइट लाइनवर जाऊन बघा की कुणाचं नाव फळ्यावर आहे आणि कोण नुसतं युनिफॉर्म घालून बसलंय. पाच-सहा विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन प्रत्येकाची लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही बघा, तारखा बघा. दोन उड्डाणांमध्ये तीन-तीन आठवड्यांची फट दिसली तर तिथून निघा. फट पडली की हात विसरतो, मग तोच धडा पुन्हा आणि त्याचे पैसेही पुन्हा.

डीजीसीएनं 2025 पासून उड्डाण शाळांची क्रमवारी लावायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नव्हती. यादी संकेतस्थळावर आहे, ती समोर ठेवूनच शाळा निवडा.

आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय पातळीवरची संस्था आहे. बारामती, शिरपूर, धुळे, जळगाव या भागात शाळा आहेत, नागपूरचा सरकारी फ्लाइंग क्लब आहे, आणि अमरावतीत बेलोऱ्याच्या विमानतळावर एअर इंडियाने स्वतःची शाळा उभारायला घेतली आहे. तुम्हाला लातूरहून कलबुर्गी पुण्यापेक्षा जवळ, तिथंही विमानतळावर प्रशिक्षण चालतं. सरकारी म्हणून सगळ्यात नावाजलेली फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात. तिथं प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, राखीव जागा असतात. गणित-भौतिकशास्त्रात 50 टक्के आणि उंची 158 सेंटिमीटर लागते. लेकीला ती परीक्षा द्यायला लावाच.

खर्च देशात राहण्या-खाण्यासह साधारण 50 लाखांच्या आसपास धरा, कमी-जास्त होतो. आणि हे कुणी आधी सांगत नाही: लायसन्स मिळालं म्हणजे लगेच एअरबस उडवता येत नाही. त्या त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं, त्याचे 15 ते 25 लाख वेगळे. 68 लाखांत ते आहे का, हे त्या केंद्राला लेखी विचारा.

गणिताचा_मास्तर

लातूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. मांजराकाठ, तुमच्यासारखे पालक दरवर्षी भेटतात. आपल्याकडं लेकराला दहावीच्या निकालादिवशी दोनच दारं दाखवतात, नीट नाहीतर जेईई. नीटवाल्यानं गणित सोडलं की आर्किटेक्चर, एनडीएचं हवाई दल, वैमानिक ही दारं बंद होतात, आणि हे त्याला त्या वेळी कुणी सांगत नाही. माझी सगळ्या पालकांना कळकळीची विनंती आहे, झेपत असेल तर बायोलॉजीबरोबर गणितही राहू द्या.

आता उपाय. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावीचा एकच विषय घेऊन परीक्षा देता येते. कितीतरी मुलं, अगदी कॉमर्सची सुद्धा, गणित-भौतिकशास्त्र असं पूर्ण करून वैमानिक झालीत. बारावीची बोर्डाची परीक्षा होऊ द्या, मग शांतपणे गणिताचा अर्ज भरा. नाव, जन्मतारीख, आईचं नाव दोन्ही बोर्डांच्या कागदांवर अक्षराअक्षराला सारखं ठेवा.

आणि नुसतं पास होण्यापुरतं गणित करू नका. नॅव्हिगेशनमध्ये एक साठचा नियम आहे. 60 सागरी मैल गेल्यावर तुम्ही रेषेपासून 1 मैल बाजूला असाल, तर तुमची दिशा 1 अंशानं चुकलीय. समजा 30 मैलांवर एक ओळखीचा तलाव दिसायला हवा होता आणि तो 2 मैल उजवीकडं दिसला. म्हणजे 60 मैलांना 4, म्हणजे 4 अंश डावीकडं भरकटलोय. हे गणित तिला कागद-पेन्सिल न घेता, एका हातात विमान धरून, रेडिओवर कान ठेवून करायचंय. वाऱ्याचा त्रिकोण म्हणजे सदिशांची बेरीजच. त्रिकोणमिती आणि सदिश पक्के करून घ्या, बाकी कॅल्क्युलसची एवढी धास्ती नको.

तिला माझ्याकडं पाठवा. घर औसा रोडलाच आहे, निरोपात पत्ता देतो. फी वगैरे बोलू नका.

हिशेबनीस

राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात नोकरी करून परभणीत निवृत्त झालो. तुमच्या भावाचं म्हणणं आपुलकीचं आहे, पण बँकेत तसं होत नाही, म्हणून नीट समजावून सांगतो.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. तारण म्हणून शेतजमीन सहसा कुणी घेत नाही. कारण 2002 च्या सरफेसी कायद्यातून कलम 31 नं शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर घर किंवा प्लॉट बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेता येतो, शेत घेता येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे संरक्षण आहे आणि ते असायलाच पाहिजे. पण याचाच परिणाम असा की आठ एकर बागायत असलेल्या बापाला बँक परत पाठवते आणि लातूर शहरात दोन खोल्यांचं घर असलेल्याला कर्ज मिळतं. माझ्या टेबलासमोर सातबारा घेऊन बसलेली माणसं मी बघितलीत. कागद चोख, माणूस चोख, आणि मला नाही म्हणावं लागायचं.

त्यामुळं तारणाला काय चालतं ते बघा. महापालिका हद्दीतलं घर, एनए झालेला प्लॉट, मुदत ठेव, विमा पॉलिसी. दुकानाची जागा मालकीची आहे का? असेल तर तिथूनच सुरुवात करा. सोबत सासरे, मेहुणे कुणी सहकर्जदार होत असेल तर त्यांच्याशी बोला. विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकाच अर्जावर अनेक बँका बघता येतात. बँक विचारेल की शाळा डीजीसीएमान्य आहे का, ते पत्र आधीच घेऊन ठेवा.

आता हप्ता. 50 लाख, दहा टक्के, पंधरा वर्षं असं धरलं तर महिना 53-54 हजार होतात. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. 50 लाखांचं वर्षाचं व्याज 5 लाख. ते मुद्दलात चढत गेलं तर हप्ता सुरू होताना आकडा वेगळाच दिसतो. म्हणून कर्ज टप्प्याटप्प्यानं उचला, उड्डाणाच्या तासांप्रमाणे. शाळेनं सगळी फी एकरकमी मागितली तर बँकेचं नाव पुढं करा, की आमची बँक टप्प्यानंच सोडते.

जमीन विकायचीच वेळ आली तर आधी सातबारा बघा, भोगवटादार वर्ग 2 आहे का. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या इनामाच्या जमिनी खूप, त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. आणि रस्त्याकडेची दोन एकर आज विकू नका. मेडिकल झालं, पेपर निघाले, शाळा ठरली, कर्ज किती बसतं ते कळलं, त्यानंतर जी तूट राहील तेवढीच विका. रस्त्याकडेचा तुकडा पुन्हा कधी घेता येत नाही.

रानवारा

धाराशिव जिल्ह्यातला आहे. लायसन्स हातात आहे, नोकरी अजून नाही. निळाई ताईंनी लिहिलंय ते सगळं बरोबर, त्यात थोडी भर घालतो.

माझ्या शाळेत प्रवेशाच्या वेळी सांगितलेली विमानं आणि प्रत्यक्ष उडणारी विमानं यांत फार अंतर होतं. एका विमानाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलं ते परत यायला पावसाळा उलटला. सीनियर इन्स्ट्रक्टर एअरलाइनला निघून गेले. वर्षभराचं म्हणून गेलो आणि दुप्पट वेळ लागला. त्या काळात खोलीभाडं, मेस, मेडिकलचं नूतनीकरण चालूच. फी आधीच भरलेली, त्यामुळं दुसरीकडं जाता येईना. म्हणून दादा, करारात तीन गोष्टी लिहून घ्या. पैसे तासांप्रमाणे, शाळा सोडली तर न उडलेल्या तासांचे पैसे परत, आणि इंधन महागलं तर वाढ किती. तोंडी शब्दावर एक पैसाही देऊ नका.

नोकरीचं खरं चित्र असं आहे. 2023 मध्ये डीजीसीएनं 1,622 कमर्शियल लायसन्स दिली, तोपर्यंतचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी एअर इंडियानं 470 आणि इंडिगोनं 500 विमानांची मागणी नोंदवली. हे आकडे दाखवून पायलट कमी पडायलेत असं सगळीकडं सांगतात. पण विमानं एका वर्षात येत नाहीत, दहा वर्षांत येतात. आणि तुटवडा आहे तो अनुभवी कॅप्टनचा. 200 तासांच्या नवख्यांची रांग मोठी आहे. मे 2023 मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी थांबली, त्याआधी एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज. तेव्हा हजारो तास उडलेली माणसं त्याच रांगेत येऊन उभी राहिली.

थांबण्याच्या काळात खर्च थांबत नाही. दरवर्षी क्लास 1, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता. ते सोडलं आणि तेव्हाच भरती निघाली तर अर्जच करता येत नाही. म्हणून घरात दोन वर्षं पुरेल एवढा पैसा लायसन्सनंतरसाठी वेगळा ठेवा. तो नसेल तर शिक्षण सुरू करू नका, असंच मी म्हणेन.

मी सध्या इन्स्ट्रक्टर रेटिंग करतोय. तास वाढतात, पगार मिळतो, आणि शिकवताना आपलंच पक्कं होतं. आकाश सोडायचा विचार मनात येत नाही. पहिल्यांदा एकट्यानं चक्कर मारली तेव्हा शेजारची सीट रिकामी होती म्हणून विमान पटकन वर गेलं, तो हलकेपणा अजून हाताला आठवतो. लेकीला जरूर पाठवा, पण माझ्या वडिलांना जे कुणी सांगितलं नाही ते कळून पाठवा.

निळाई

रानवारा, खूप मनापासून लिहिलंस. इन्स्ट्रक्टर होणं हा चांगला निर्णय आहे. माझ्या बरोबरचे दोघे तिथूनच एअरलाइनला आले आणि मुलाखतीत त्यांची पकड वेगळी दिसत होती.

दादा, एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅमबद्दल राहिलं. यात कंपनी सुरुवातीलाच परीक्षा घेऊन निवडते, ठरलेल्या शाळेत शिकवते, टाइप रेटिंग धरून सगळं एकत्र, आणि अटी पूर्ण केल्या की नोकरीत घ्यायचा इरादा असतो. रांगेचा प्रश्न बराच सुटतो. पण खर्च कोटीच्या घरात जातो. जाहिरात कंपनीच्याच संकेतस्थळावर येते. "आम्ही कॅडेटला लावून देतो" म्हणणारा मधला माणूस दिसला तर लांब राहा.

परदेशाचं म्हणाल, तर अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंडला हवामान आणि विमानं दोन्ही भरपूर, तास लवकर होतात. पण तिथलं लायसन्स इथं तसंच चालत नाही. परत येऊन डीजीसीएचे पेपर, कागदांची पडताळणी, इथल्या विमानावर स्किल टेस्ट, सगळं करून ते बदलून घ्यावं लागतं. त्याला महिने लागतात आणि पैसेही. "वर्षात लायसन्स" म्हणणारे तिथलं लायसन्स म्हणतात, इथलं नव्हे. जाणारच असेल तर भारताचा क्लास 1 आणि इथले पेपर आधी आटपून जावं.

दौलताबाद

हवाई दलातून निवृत्त, राहणार छत्रपती संभाजीनगर. कोटभर खर्चाच्या चर्चेत एक मार्ग कुणी घेतला नाही, जिथं देशच शिकवतो आणि वर पगार देतो.

आपल्या शहरात 1977 पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर मुलं निवडून एनडीएसाठी तयार करतात, राज्य सरकारची आहे. गावोगावच्या कष्टकरी घरांतली मुलं तिथून अधिकारी झालीत. ती मुलांसाठी. मुलींसाठी तशीच संस्था 2023 मध्ये नाशिकला सुरू झाली. एनडीए मुलींना 2022 पासून खुली आहे. यांची लेक बारावीला आहे, त्यामुळं संस्थेत प्रवेशाची वेळ गेली, पण एनडीएची परीक्षा साडेएकोणीस वर्षांपर्यंत थेट देता येते. हवाई दलासाठी बारावीला गणित-भौतिकशास्त्र लागतंच, म्हणजे फिरून गणितावरच येतो. नंतर पदवी घेऊन एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची प्रवेश परीक्षा आहे. त्यात फ्लाइंग शाखेला 24 वर्षांची मर्यादा आहे, कमर्शियल लायसन्स असेल तर 26 पर्यंत.

हे फुकट लायसन्स मिळवायचं साधन म्हणून बघू नका. चौदा-चौदा वर्षं वर्दीत काढायची असतात आणि कुठं पाठवतील तिथं जावं लागतं. मनात ती ओढ असेल तरच. लेकीशी बसून हे बोला, तिला काय हवंय ते तिलाच सांगू द्या.

गंगाखेडची_माय

हिशेबनीस काकांच्या प्रतिसादात शिष्यवृत्तीचं आलं नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत कमर्शियल पायलटचा अभ्यासक्रम धरलेला आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जाहिरात कधी येते यावर डोळा ठेवावा लागतो आणि जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर तयार लागतं. आपल्याकडं तहसीलला त्या कागदांना वेळ लागतो, तेव्हा आजच अर्ज टाका.

एक विचारायचं होतं निळाई ताईंना. लेकीला एवढ्या लांब, बहुतेक सगळी पोरंच असलेल्या ठिकाणी पाठवायचं, तर काळजी कशी घ्यायची?

निळाई

माय, बरं केलंत विचारलंत. शाळा बघायला जाल तेव्हा मुलींचं हॉस्टेल स्वतः आत जाऊन बघा. धावपट्टीपासून किती लांब, रात्रीच्या उड्डाणानंतर परत आणायला गाडी कोणाची, तक्रार समितीत बाई कोण आहे. तिथल्या मुलींशी त्यांच्या सरांच्या मागे बोला. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीहून बरंच जास्त आहे, त्यामुळं ती एकटी पडेल असं वाटून घेऊ नका.

खरी अडचण आली ती इंग्रजीची. पुस्तकातलं इंग्रजी यायचं, पण रेडिओवर कंट्रोलर एका दमात उंची, दिशा, वाऱ्याचा वेग, धावपट्टी, पुढची फ्रिक्वेन्सी सांगून मोकळा होतो. ते सगळं त्याच क्रमानं परत म्हणून दाखवायचं असतं. पहिल्या आठवड्यात मला निम्मंच ऐकू यायचं. मग खोलीत विमानतळांच्या रेडिओची रेकॉर्डिंग लावून वहीत लिहून काढायचे, भांडी घासताना मोठ्यानं म्हणायचे. लायसन्सला इंग्रजीची पातळी 4 लागते. ती मराठी माध्यमाच्या मुलीला जमते, मी डोळ्यानं बघितलंय, फक्त आजपासून कानाला सवय लावायची. उच्चार लातूरचे राहिले तरी चालतात, आकडे आणि शब्द स्पष्ट पाहिजेत.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. रानवारा यांचं वाचून ती गप्प झाली. मग म्हणाली, बाबा, मास्तरांकडं उद्यापासून जाते. तिच्या आईनं पुण्याला फोन करून आम्ही आत्ता पैसे भरत नाही असं सांगून टाकलं. दुकानाची जागा मालकीची आहे, तिचे कागद काढतोय. गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलंय.

असं ठरवलंय. आता बारावी नीट पूर्ण करायची, नीटची परीक्षाही द्यायची, कारण अभ्यास झालेलाच आहे. परीक्षा संपली की क्लास 2. मग एनआयओएसचं गणित आणि फुरसतगंजची तयारी. बारावीनंतर मुक्त विद्यापीठातून पदवीलाही नाव घालतो, एअरलाइनला लागत नसली तरी हाताशी असू द्यावी.

एक शंका. तिला चष्मा आहे, दीड नंबर. आणि वसतिगृहाच्या मेसवर राहून थोडी अशक्त झालीय. मेडिकलला जाण्याआधी काय बघून घ्यावं?

डॉ_सेलू

दीड नंबरानं काही अडत नाही. पण चष्मा काढायचं लेसर ऑपरेशन घाईनं करून घेऊ नका, त्यानंतर ठरावीक काळ थांबावं लागतं आणि कागदपत्रं वाढतात. लातूरलाच नेत्रतज्ज्ञांकडं इशिहाराच्या ठिपक्यांच्या पानांवर रंगदृष्टी तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. त्यात शंका आली तर पुढचं सगळं थांबवून आधी त्याचा निकाल लावा.

सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, लघवी, ईसीजी, कानाची ऑडिओमेट्री एवढं करून घ्या. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन मी रोज बघतो, नऊ-साडेनऊ. त्यावर तात्पुरतं अनफिट लिहून परत पाठवू शकतात. आज तपासलं तर बारावीच्या परीक्षेपर्यंत भरून काढता येईल. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, चहाबरोबर नकोत. जेवणात शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी, वर लिंबू. आणि मेसचं जेवण सोडून कोरडं खाण्यावर दिवस काढत असेल तर आधी ते बंद करा.

लहानपणी फिट आली असेल, दमा असेल, कुठलं ऑपरेशन झालं असेल तर लपवू नका. फॉर्मवर खरं लिहायचं आणि जुने कागद फाईलला लावायचे. बऱ्याच गोष्टी कागद नीट असले की पार पडतात, पण लपवलेलं नंतर निघालं तर लायसन्सवर येतं.

हिशेबनीस

दुकानाच्या जागेचा उतारा, मंजूर नकाशा, कर भरल्याची पावती आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं एवढं घेऊन या. मूल्यांकन किती निघेल याचा अंदाज मी बघून सांगतो. परभणीला यायची गरज नाही, पुढच्या आठवड्यात लातूरला लग्नाला येतोय, दुकानावरच बसू.